कॉलेजप्रवेशाचं पत्र आलं, पुढे सोबत कोण? : उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांना खुले पत्र

सर्व मराठी मंडळांच्या कार्यकारिणींना आणि सभासदांना,

सप्रेम नमस्कार.

मी ह्यूस्टनच्या नैऋत्य भागात एका चार्टर हायस्कूलमध्ये गणित शिकवते. माझ्या वर्गातली बरीच मुलं एल साल्वादोर, होंडुरास, ग्वाटेमाला, मेक्सिकोहून आलेल्या घरांतली आहेत. काही नायजेरिया आणि काँगोमधून आलेल्यांची, तर काही पिढ्यान्‌पिढ्या याच शहरातल्या कृष्णवर्णीय वस्त्यांत वाढलेली. कुणाची आई हॉटेलच्या खोल्या आवरते, कुणाचे वडील टेक्ससच्या उन्हात घरांवर छप्परं घालतात. ही मुलं म्हणजे त्यांच्या घरातून कॉलेजात पाऊल टाकणारी पहिलीच माणसं.

तुमच्याकडे एक मागणं आहे, ते आधीच सांगून टाकते. तुमच्यातल्या ज्यांनी कॉलेजची चार वर्षं पार केली आहेत, म्हणजे जवळपास सगळ्यांनीच, त्यांचा आठवड्यातला एक तास मला या मुलांसाठी हवा आहे. बारावीच्या शेवटच्या काही महिन्यांपासून कॉलेजचं दुसरं वर्ष संपेपर्यंत. हा तास एवढा मोलाचा का, ते नीट सांगायला थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

चार्टर शाळा म्हणजे काय हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसतं, कारण आपण जिथे घर घेतो तिथली सार्वजनिक शाळा चांगलीच असते, किंबहुना ती चांगली आहे हे बघूनच आपण घर घेतो. चार्टर शाळा सरकारी पैशांवर चालते, फी घेत नाही, पण स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातल्या सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या यंत्रणेच्या, रोजच्या कारभारापासून मोकळी असते. शिक्षक कोण नेमायचे, शाळेचा दिवस किती तासांचा ठेवायचा, हे ती स्वतः ठरवते. त्या बदल्यात तिला ठरावीक वर्षांनी आपली सनद पुन्हा मंजूर करून घ्यावी लागते, आणि निकाल फारच वाईट असतील तर शाळा बंदही होते. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत निघते. पहिला कायदा मिनेसोटात १९९१ साली झाला, टेक्ससमध्ये १९९५ साली.

यातल्या काही शाळांनी गरीब वस्त्यांमधल्या मुलांना कॉलेजला पाठवणं हेच आपलं काम मानलं. त्यातलं सर्वांत मोठं नाव आपल्या ह्यूस्टनमध्येच जन्मलं. १९९४ साली माइक फाइनबर्ग आणि डेव्ह लेव्हिन या दोन तरुण शिक्षकांनी पाचवीच्या एका वर्गापासून 'नॉलेज इज पॉवर प्रोग्रॅम', म्हणजे किप, सुरू केला. पुढच्याच वर्षी लेव्हिन न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये गेले. सकाळी साडेसात ते संध्याकाळी पाच शाळा, अधूनमधून शनिवारी शाळा, उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळा. गणित अडलं तर रात्री शिक्षकांना फोन करायचा. पाचवीतल्या वर्गाला ती मुलं ज्या वर्षी कॉलेजात जातील त्या वर्षाच्या नावानं ओळखायचं, म्हणजे दहा वर्षांच्या पोरालाही आपण कुठे निघालोय ते रोज ऐकू यायचं. १९९८ साली ह्यूस्टनमध्येच येस प्रेप सुरू झाली. तिथे चार वर्षांच्या कॉलेजात प्रवेश मिळाल्याशिवाय हायस्कूलचा दाखलाच नाही, अशी अट होती. शिकागोत १९९९ साली नोबल आली. अशा शाळांचे निकाल पाहून देशभर लोक थक्क झाले.

मग किपने एक गोष्ट केली, जिचा मला फार आदर वाटतो. आपली पहिली मुलं कॉलेजात जाऊन पुढे काय झालं, ते त्यांनी मोजलं आणि २०११ साली जाहीर केलं. दहा किंवा त्याहून अधिक वर्षांपूर्वी किपच्या मिडल स्कूलमधून (पाचवी ते आठवी) बाहेर पडलेल्या मुलांपैकी ९५ टक्क्यांनी हायस्कूल पूर्ण केलं होतं. ८९ टक्के कुठल्या ना कुठल्या कॉलेजात दाखल झाली होती. आणि चार वर्षांची पदवी मिळाली होती ३३ टक्क्यांना.

हा ३३ चा आकडा कमी नाही, हेही सांगायला हवं. त्या काळात साऱ्या देशाची सरासरी ३१ टक्क्यांच्या आसपास होती, आणि गरीब घरांतल्या मुलांची अवघी ८ टक्के. म्हणजे ही मुलं आपल्यासारख्याच परिस्थितीतल्या इतर मुलांच्या चौपट पुढे होती. पण किपने स्वतःपुढे ७५ टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं होतं, आणि ८९ मधून ३३ वजा केले की जी मुलं उरतात त्यांच्याकडे डोळेझाक करायची नाही असं त्यांनी ठरवलं. मीही हे पत्र त्याच मुलांसाठी लिहिते आहे. दारापर्यंत पोहोचलेली, आत गेलेली आणि कुणाला न सांगता परत आलेली मुलं.

२०२३ साली मॅथमॅटिका या संशोधन संस्थेनं याच शाळांचा पुन्हा अभ्यास केला. सोडतीत नंबर लागलेली मुलं आणि न लागलेली मुलं यांची तुलना केली, त्यामुळे 'हुशार मुलंच तिथे जातात' हा आक्षेप बराचसा गळून पडतो. फक्त मिडल स्कूल तिथे केलेल्या मुलांमध्ये पदवी पूर्ण करण्याच्या बाबतीत ठोस फरक दिसला नाही. मिडल स्कूल आणि हायस्कूल दोन्ही तिथे केलेल्या मुलांमध्ये मात्र पदवी मिळवण्याचं प्रमाण सुमारे १९ टक्क्यांच्या अंतरानं वाढलं. हायस्कूलमध्ये काय मिळतं? पुढचा अभ्यास मिळतो, आणि कॉलेज निवडायला, अर्ज भरायला, कॉलेजात गेल्यावर मागे उभं राहायला माणसं मिळतात. माझा अनुभव मला सांगतो की या शेवटच्या गोष्टीचं वजन फार आहे, आणि नेमकी तीच सर्वांत तुटपुंजी आहे. आमच्यासारख्या शाळेत माजी विद्यार्थ्यांसाठी सल्लागार असतो, पण एका सल्लागाराच्या वाट्याला मुलं शेकड्यांनी येतात, आणि ती टेक्ससभर पसरलेली असतात.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगते.

मे महिन्यात शाळेत मोठा समारंभ होतो. प्रत्येक मूल मंचावर येऊन आपल्या कॉलेजचं नाव सांगतं, खाली आई-वडील, मामा-मावश्या रडत असतात. मग जून येतो. शाळा बंद. कॉलेजचं पोर्टल सुरू. ओरिएंटेशनची फी भरा, वसतिगृहाची अनामत भरा, आरोग्यविमा असेल तर माफीचा अर्ज करा, नाहीतर विम्याचे पैसे तुमच्या बिलात आपोआप जोडले जातील. आर्थिक मदतीच्या अर्जाची पडताळणी निघाली आहे, आई-वडिलांच्या कराची कागदपत्रं द्या. प्लेसमेंटची, म्हणजे कुठल्या पातळीचा वर्ग मिळणार ते ठरवणारी, परीक्षा द्या. हे सगळे निरोप ईमेलनं येतात, आणि सतरा-अठरा वर्षांची मुलं ईमेल बघत नाहीत. घरात हे कागद वाचू शकणारं दुसरं कुणी नाही. जे काका-मामा आहेत ते दिवसभर कामावर.

या काळातल्या गळतीवर बेन कॅसलमन आणि लिंडसे पेज या संशोधकांनी बरंच काम केलं आहे. हायस्कूल संपताना कॉलेजला जायचं पक्कं ठरवलेल्या मुलांपैकी दहा ते चाळीस टक्के मुलं ऑगस्टमध्ये कुठल्याच कॉलेजात पोहोचत नाहीत, असं त्यांना निरनिराळ्या ठिकाणी आढळलं. गरीब घरांतली मुलं त्यात जास्त. उन्हाळ्यात कुणीतरी फोन केला, मोबाईलवर निरोप पाठवून 'हे झालं का' असं विचारलं, तर प्रवेश वाढतात हेही त्यांनी दाखवलं. पुढे कॅसलमन यांनीच इतर संशोधकांबरोबर आर्थिक मदतीच्या अर्जाची आठवण देणारे असे निरोप देशभरातल्या आठ लाखांहून अधिक मुलांना पाठवून पाहिले, आणि त्याचा काहीच परिणाम दिसला नाही. मला यात नवल वाटलं नाही. अनोळखी नंबरवरून आलेला निरोप कोण वाचतं? ओळखीच्या माणसानं विचारलं की मूल उत्तर देतं.

माझी एक विद्यार्थिनी घरापासून दूरच्या एका सरकारी विद्यापीठात गेली होती. गणितात तल्लख, आणि बोलायला इतकी लाजरी की वर्गात उत्तर यायचं तरी हात वर करायची नाही. टेक्ससमध्ये बावीस वर्षांखालच्या नव्या विद्यार्थ्याला मेनिंजायटिसची लस घेतल्याचा दाखला सत्र सुरू होण्याच्या किमान दहा दिवस आधी द्यावा लागतो. तिनं लस घेतली होती, दाखला दिला नव्हता. तिच्या खात्यावर 'होल्ड' आला, विषयांची नोंदणी अडली. ती कार्यालयात गेली, लांबच लांब रांगेत उभी राहिली, खिडकीतल्या माणसानं ऑनलाइन बघ म्हणून सांगितलं. तिला वाटलं आपला प्रवेश रद्द झाला. तिनं आईला तसं सांगितलं, आईनं गाडी पाठवली आणि ती सामान घेऊन घरी आली. आम्हाला कळलं तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता. लस दिलेल्या दवाखान्यात एक फोन केला असता तर तो दाखला त्याच दिवशी मिळाला असता. तुमच्या घरात हे घडलं असतं तर तुम्ही दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ते निस्तरलं असतं.

मी अशा गोष्टींबद्दल बोलते आहे. मोठ्या संकटांबद्दल नाही, ती असतातच. पण चारशे डॉलर थकले म्हणून पुढच्या सत्राची नोंदणी अडते. एक विषय मध्येच सोडला, दुसऱ्यात नापास झाला, तेवढ्यानं आर्थिक मदत थांबू शकते, कारण मदत टिकवायला साधारणपणे चारपैकी दोनचा जीपीए (सरासरी गुणांक) आणि घेतलेल्या क्रेडिटांपैकी दोन-तृतीयांश उत्तीर्ण लागतात. हा नियम मुलांना पत्र आल्यावर कळतो. त्यावर अपील करता येतं हे तर जवळजवळ कुणालाच माहीत नसतं. माझा एक विद्यार्थी रात्रपाळीला गोदामात काम करायचा, सकाळी आठच्या रसायनशास्त्राला झोपायचा. त्यानं विषय सोडला तो सोडण्याची मुदत उलटून गेल्यावर. आठवडाभर आधी सोडला असता तर त्याच्या गुणपत्रिकेवर तो नापासाचा एफ लागला नसता.

पैसा हाही प्रश्न आहेच. गरीब घरांतल्या मुलांना मिळणारी, परत न करायची केंद्र सरकारची पेल ग्रँट सध्या वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर आहे. टेक्ससमधल्या मोठ्या सरकारी विद्यापीठात राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च पंचवीस-तीस हजारांच्या घरात जातो. १९७० च्या दशकाच्या मध्यात हीच ग्रँट सरकारी कॉलेजचा तीन-चतुर्थांशाहून अधिक खर्च भागवायची. आज एक-तृतीयांशही भागत नाही. बाकीचं मूल काम करून, कर्ज काढून भागवतं. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस आर्थिक मदतीचा सरकारी नवा अर्ज अर्धाकच्चा आला, आणि ज्यांच्या आई-वडिलांकडे सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) नाही त्यांचे अर्ज महिनोन्‌महिने अडकून पडले, तेव्हा माझ्या वर्गातल्या मुलांना कॉलेजनिवडीच्या दिवसापर्यंत आपल्याला किती पैसे मिळणार हेच माहीत नव्हतं. जून २०२५ मध्ये तर कागदपत्रं नसलेल्या मुलांना टेक्ससच्या रहिवाशांइतकीच फी आकारणारा, २००१ सालापासूनचा कायदाच न्यायालयात रद्द झाला. ज्या मुलीला मी सातवीपासून ओळखते तिची फी एका उन्हाळ्यात कितीतरी पट झाली. यावर तुमचा एक तास पुरा पडणार नाही, हे मला कळतं.

आणखी एक अडचण आमच्या शाळांनी स्वतः निर्माण केलेली आहे. अशा शाळांत बराच काळ कडक शिस्त होती. पाठ ताठ, नजर शिक्षकांवर, मार्गिकेत रांगेतच चालायचं, शर्ट खोचलेला नसेल तर शिक्षा. शिकागोच्या नोबलमध्ये तर शिक्षा झालेल्या मुलांकडून पाच डॉलर दंड घेत, तो २०१४ साली बंद झाला. पुढे नोबलनं आपली जुनी शिस्तीची पद्धत वंशभेद करणारी होती हे उघडपणे मान्य केलं. किपनं २०२० साली 'कष्ट करा, चांगलं वागा' हे आपलं जुनं बोधवाक्य मागे घेतलं. माझ्या मते हे उशिरा झालं, पण झालं. त्या शिस्तीचा एक परिणाम मात्र अजून दिसतो. जिथे दिवसाचं प्रत्येक मिनिट शाळा आखून देते, तिथे मूल वेळ स्वतः आखायला शिकत नाही. कॉलेजात आठवड्याला पंधरा तास वर्ग, बाकी सगळा वेळ मोकळा. प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे भेटीसाठी राखलेल्या वेळी, ही मुलं जात नाहीत, कारण हायस्कूलमध्ये शिक्षकाच्या खोलीत बोलावणं म्हणजे काहीतरी चुकलं. मदत मागणं म्हणजे आपण इथे शोभत नाही हे कबूल करणं, असं त्यांना वाटतं. तुमचा मुलगा पहिल्या आठवड्यात प्राध्यापकांना भेटून आला, कारण तुम्ही त्याला तसं करायला सांगितलंत. या मुलांना तसं कुणी सांगितलेलं नाही.

आता तुमच्याकडे येते.

शुगरलँड, केटी, पेअरलँड इथे आपण राहतो. ह्यूस्टनच्या नैऋत्येकडच्या गल्फ्टन वस्तीतल्या दाटीवाटीच्या अपार्टमेंट्सपासून शुगरलँड हायवे ५९ वरून अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर आहे. न्यूजर्सीत राहणाऱ्यांसाठी नेवार्क तसंच आहे, शिकागोच्या उपनगरांत राहणाऱ्यांसाठी पश्चिम आणि दक्षिण शिकागो. आपण तिथून गाडीनं जातो, दारं लावून घेतो. आपल्या घरगुती समारंभांत या वस्त्यांबद्दल जे बोललं जातं ते मी ऐकलं आहे. 'त्यांना शिकायचंच नसतं.' हे वाक्य मी आपल्या माणसांच्या तोंडून ऐकते तेव्हा मला ज्या मुली पहाटे पाचला उठून धाकट्या भावंडांना शाळेत सोडून दोन बस बदलून माझ्या पहिल्या तासाला येतात त्या आठवतात, आणि राग येतो. तो राग मी लपवणार नाही. आपण उच्चशिक्षित म्हणून या देशात आलो, व्हिसाच तशा लोकांना मिळाला. दोन बॅगा घेऊन आलो हे खरं, पण त्यातल्या एका बॅगेत पदवीचं प्रमाणपत्र होतं.

आणि आपल्या मागेही कुणीतरी उभं होतंच. मी रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावात ती संस्था काढली, साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका वसतिगृहात ठेवलं, ज्याला १९२७ साली गांधीजींनी छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव दिलं. मुलांच्या जेवणासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपलं मंगळसूत्र विकलं, हे आम्हाला प्राथमिक शाळेपासून सांगितलं जायचं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहं उभी केली. तुमच्यातला कुणी पुण्याच्या विद्यार्थी सहाय्यक समितीत राहिला असेल, तिथे १९५५ पासून खेड्यांतली मुलं राहून कॉलेज करताहेत. कुणाच्या आजोबांनी पुण्यात वार लावून शिक्षण केलं असेल, सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या घरी. ती सोय बहुतेक एका जातीच्या उंबरठ्याच्या आतलीच होती, तेवढं मी विसरत नाही. पण त्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. कुणा एकावर सगळा भार नव्हता, आणि प्रत्येकाचा वार ठरलेला होता. तसाच एक वार मला तुमच्याकडून हवा आहे.

मंडळांनी हे कसं करावं, याचा मी थोडा विचार केला आहे.

प्रत्येक मंडळानं आपल्या शहरातली एक शाळा निवडावी. ती चार्टरच असली पाहिजे असं नाही. ज्या शाळेतली मुलं कॉलेजला जातात आणि मागे कुणी नसतं, अशी कुठलीही. शाळेतल्या कॉलेज सल्लागाराला भेटा आणि आधी त्यांना काय हवं ते विचारा. पार्श्वभूमी तपासणी होईल, त्याला हरकत घेऊ नका. पहिल्या वर्षी पाच-सहा जणच असू द्या. एका माणसाला एकच मूल. जानेवारी-फेब्रुवारीत ओळख, मग आठवड्यातून एकदा फोन किंवा निरोप. उन्हाळ्यात जास्त. तुम्हाला विमा, लस, अनामत, पडताळणी असल्या गोष्टी विचारायच्या आहेत: पत्र आलं का, पाठव बघू, उद्या आपण मिळून फोन करू. दुसऱ्या कॉलनंतर मूल काही बोललं नाही तरी सोडू नका. नोव्हेंबरमध्ये घरी परतावंसं वाटतं, जानेवारीत पहिल्या सत्राचा निकाल हातात असतो. हे दोन महिने जोखमीचे.

पैसे द्यायचेच असतील तर मंडळाच्या नावे एक छोटा आकस्मिक निधी ठेवा. दोनशे, चारशे, सहाशे डॉलर, खात्यावरचा होल्ड सोडवण्यापुरते. आपल्यातले बरेच जण वार्षिक शिष्यवृत्ती द्यायला उत्सुक असतात, तिचा फोटो छापून येतो. पण बाहेरची शिष्यवृत्ती कॉलेजमार्फत गेली की पुष्कळदा कॉलेज तेवढीच रक्कम आपल्या मदतीतून कापतं, आणि मुलाच्या हातात काहीच जास्त पडत नाही. त्यापेक्षा सप्टेंबरात अडलेल्या पुस्तकांचे पैसे जास्त उपयोगाचे. देण्यापूर्वी सल्लागाराला विचारा.

मग दुसऱ्या वर्षी इंटर्नशिप. इथे आपल्या समाजाकडे जे आहे ते दुसऱ्या कुणाकडे क्वचितच असेल. तेल कंपन्या, मेडिकल सेंटरमधली रुग्णालयं, नासा, सॉफ्टवेअर, सगळीकडे आपली माणसं आहेत. आपल्या मुलांचे रेझ्युमे आपण एकमेकांना पाठवतोच. त्यात आणखी एक नाव जोडायला काही लागत नाही.

एक विनंती कळकळीची. या मुलांना भाषण देऊ नका. आम्ही किती कष्ट केले, आम्ही जेईईचा अभ्यास कसा केला, मनापासून ठरवलं तर सगळं होतं, हे त्यांनी शाळेत सात वर्षं रोज ऐकलं आहे. कष्ट ती तुमच्याइतकेच करतात. त्यांच्या आई-वडिलांना बाजूला सारून काही ठरवू नका. मुलीला दूरच्या कॉलेजात पाठवायला आई तयार नसेल तर त्या आईशी बोला, तिची भीती समजून घ्या. आपल्याच आज्या मुलींना तालुक्याच्या गावी पाठवायला कशा घाबरायच्या ते आठवून बघा. आणि मूल मोठ्या नावाच्या कॉलेजात जाणार की जवळच्या, यात आपली हौस घालू नका. ज्या कॉलेजात त्याच्यासारखी मुलं प्रत्यक्षात पदवीपर्यंत पोहोचतात, ते कॉलेज चांगलं. हा आकडा प्रत्येक कॉलेजसाठी जाहीर असतो, तो बघायला मुलाला शिकवा.

काही जण म्हणतील की आपण तर महाराष्ट्रातल्या शाळांना मदत करतोच, तीही आपलीच मुलं. जरूर करा, ती थांबवू नका. पण तुम्ही या देशात राहता, इथल्या करांवर चाललेल्या रस्त्यांवरून जाता, आणि तुम्हाला इथल्या कॉलेजांची वाट पाठ आहे. साताऱ्यातल्या मुलीला तुम्ही पैसे पाठवू शकता. ह्यूस्टनच्या मुलीला तुम्ही स्वतः भेटू शकता, ते साताऱ्यातून कुणी करू शकत नाही.

काही जण म्हणतील, चार्टर शाळांवरच आमचा विश्वास नाही, त्या सार्वजनिक शाळांचे पैसे पळवतात. हा वाद खरा आहे. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१६ साली चार्टर शाळा वाढवण्याचा प्रस्ताव मोठ्या फरकानं फेटाळला, आणि तिथल्या शहरी चार्टर शाळांचे निकाल तर देशातल्या उत्तम निकालांपैकी. म्हणजे निकाल चांगले असूनही लोकांच्या मनात शंका होत्या, आणि त्या अगदीच निराधार नव्हत्या. आमच्याकडे शिक्षक फार लवकर सोडून जातात. विशेष गरजा असलेल्या मुलांना सगळीकडे सारखी वागणूक मिळत नाही. मीही यातल्या काही गोष्टींवर माझ्या शाळेच्या बैठकांत भांडते. पण बारावीतली मुलगी कुठल्या प्रकारच्या शाळेत आहे यावर तिला तुमचा फोन जावा की नाही हे ठरू नये. तुमचा चार्टरला विरोध असेल तर जवळच्या डिस्ट्रिक्टच्या हायस्कूलमध्ये हेच काम करा. मला तितकाच आनंद होईल.

नेमून दिलेलं माणूस किती फरक पाडतं याचा एक मोठा पुरावा न्यूयॉर्कमध्ये आहे. तिथल्या सिटी युनिव्हर्सिटीनं दोन वर्षांच्या कॉलेजांत 'असॅप' नावाची योजना चालवली. मुलांना पूर्णवेळ शिकायचं बंधन, पण त्याबरोबर उरलेली फी, पुस्तकांचे पैसे, दर महिन्याचा मेट्रोचा पास आणि ठरलेला सल्लागार, ज्याच्याकडे मोजकीच मुलं. एमडीआरसी या संस्थेनं २०१५ साली तिचा निकाल मांडला. तीन वर्षांत पदवी घेणाऱ्यांचं प्रमाण योजनेबाहेरच्या मुलांत २२ टक्के, योजनेतल्या मुलांत ४० टक्के. जवळपास दुप्पट. त्यात मेट्रोचा पास किती आणि माणूस किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. मला दोन्ही महत्त्वाचे वाटतात, पण पास विकत घेता येतो.

पाडव्याचा कार्यक्रम जवळ आला आहे. तुमच्या कार्यकारिणीची बैठक त्याआधी होईलच. त्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या, आणि कार्यक्रमाच्या दिवशी सूत्रसंचालकांना दहा मिनिटं द्यायला सांगा. बाहेर टेबलावर एक वही ठेवा, नाव, फोन आणि आठवड्यातला कुठला वार जमेल तेवढं लिहायला. कॉलेज निवडायची शेवटची तारीख साधारणपणे १ मे असते. एप्रिलच्या मध्यापर्यंत ती वही तुमच्या जवळच्या शाळेच्या कॉलेज सल्लागाराच्या हातात पडली, तर याच उन्हाळ्यात काम सुरू करता येईल.

आपली,
ह्यूस्टनमधली एक गणिताची शिक्षिका